वाया गेलेले आरसे

आमच्या मंडळात आकाशाकडे कुणी फारसं बघत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दुर्बिणी बनवणाऱ्यांचं मंडळ म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही तारे वगैरे बघत असणार. आम्ही काच बघतो. दोन जाड गोल काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये पावडर आणि पाणी घालायचं आणि घासायचं. महिनोन्‌महिने घासायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते आणि तिचा दुर्बिणीचा आरसा होतो. तो खोलगटपणा कागदाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याने चुकला तरी आरसा वाया. एवढ्यासाठी पंधरा शहाणीसुरती माणसं दर रविवारी सकाळी सायकलच्या दुकानामागच्या एका खोलीत जमतात आणि एकमेकांच्या काचांना नावं ठेवतात. याला छंद म्हणतात.

मी कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे दात घासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन काच घासायची. नवरा म्हणतो, तुझा जन्मच कुणाला ना कुणाला घासायला झालाय. मंडळात मला कवळीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

मंडळाची वेबसाइट गेली चौदा वर्षं मी सांभाळतेय. दिसायला ती भिकार आहे, हे मी स्वतःच मान्य करते. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, आणि फोनवर उघडली तर ती अक्षरंसुद्धा मुंगीएवढी. पण तिच्यात एक पान आहे, तसं पान मी दुसऱ्या कुठल्याही मंडळाकडे पाहिलेलं नाही. पानाचं नाव ‘वाया गेलेले आरसे’. ज्याने आरसा बिघडवला त्याने तो कसा बिघडवला हे स्वतः लिहायचं, कुणी लिहिलं ते लपवायचं नाही, आणि ते सगळ्या जगाला दिसेल असं ठेवायचं. हा नियम मास्तरांचा. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, मंडळ त्यांनीच काढलं. आता ते नाहीत. चांगल्या आरशाबद्दल लिहायची त्यांनी कधी सक्ती केली नाही. चांगला झाला ना, मग घरी घेऊन जा आणि गप्प बस, म्हणायचे.

एकेचाळीस नोंदी आहेत. सातवी आमच्या पोस्टमनची. त्याने तीन महिने घासलेली काच स्वयंपाकघरात वाळत ठेवली होती. सासूबाईंनी ती उकळत्या दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली आणि मग हात पोळायला नको म्हणून वर गार पाणी ओतलं. तडा पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली पोस्टमनने प्रामाणिकपणे लिहिलंय, ‘चूक माझी. सासूबाईंना सांगायला हवं होतं. त्यांच्याशी बोलत नसल्यामुळे सांगितलं नाही.’ तेहतिसावी नोंद शिंप्याची. काच टेबलावरून सरकते म्हणून त्याने ती चिकटवून टाकली, ती अजून त्या टेबलावर आहे. तो तिच्यावर टाचण्या ठेवतो.

मला ते पान माझ्या लग्नाच्या अल्बमपेक्षा प्रिय आहे. घरचे हसतात, हसू देत. दिवसभर मी जे बनवते ते माणसं तोंडात लपवतात. माझं नाव लागतं असं माझं काम जगात एकच, ही वेबसाइट. ती गेली तर माझ्याकडे काही उरत नाही. मग मी नुसती कवळीबाई.

आणि अध्यक्षांनी ती बंद करायचा ठराव मांडला.

अध्यक्ष विमा विकतात. समोरच्याला मरणाची भीती घालायची आणि हसतहसत सही घ्यायची, हा त्यांचा धंदा. त्यामुळे दुसऱ्या कुणी माणसांना घाबरवलं की त्यांना सहन होत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मंडळाचं सोशल मीडियावर पेज काढलं, शिवाय सभासदांचा ग्रुप काढला. पेजवर अकरा हजार लोक आहेत. त्यातल्या एकाने तरी काच हातात धरलीय का, विचारू नका. चकचकीत आरशाचे फोटो टाकायचे, मागे बासरी वाजवायची, खाली ‘स्वप्नांना आकार देताना’ असं लिहायचं. मग लोक बदाम देतात. लाल बदाम. अध्यक्ष रोज सकाळी दात घासायच्या आधी बदाम मोजतात, हे मला त्यांच्या बायकोनेच सांगितलं.

ग्रुपचा तर प्रश्नच मिटला. तिथे सकाळी सूर्योदयाची चित्रं येतात, दुपारी वाढदिवस, संध्याकाळी कुणाच्या तरी नातवाचा नाच. मध्येच एखादा विचारतो की पॉलिशची पावडर किती भिजवायची, तर त्याला सात जण हात जोडतात आणि एक जण पुष्पगुच्छ देतो. मी सुरुवातीला उत्तरं द्यायचे. एकदा एकाने आरशाचा फोटो टाकला, त्याची सगळे वाहवा करत होते, मी लिहिलं की कडेला ओरखडा आहे. अध्यक्षांनी मला खाजगीत कळवलं, ‘कवळीबाई, जरा सकारात्मक राहूया.’ त्या दिवशी मी ग्रुपचा आवाज बंद केला आणि परत तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दहा महिने झाले. याचा मला केवढा अभिमान होता, काय सांगू.

ठरावाच्या रविवारी मी तयारीनिशी गेले. नोंदींची प्रत छापून नेली होती. नवरा दारात म्हणाला, “भांडून ये, पण जेवायला वेळेवर ये.”

खोलीत नेहमीसारखा ओल्या पावडरीचा आणि सायकलच्या रबराचा वास. भिंतीकडेच्या बाकांवर सगळे बसले. बेकरीवाली अगदी शेवटच्या बाकावर होती. ती मंडळात आली पाच महिन्यांपूर्वी. पहाटे चारला उठून पाव भाजते, दुपारी पीठ फुगत ठेवलं की त्या वेळात काच घासते. बोलत नाही फारशी. मांडीवर पावाचा एक ट्रे घेऊन बसली होती, त्यात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष अध्यक्षांच्या टायकडे होतं. रविवारी सकाळी सायकलच्या दुकानामागे टाय!

अध्यक्ष उभे राहिले. “मंडळी, आजच्या काळात वेबसाइट बघतो कोण? महिन्याला साठ माणसं. आणि पेज बघणारे अकरा हजार! बरं, आपल्या मंडळाचं नाव शोधलं की सर्वांत वर काय येतं? ‘वाया गेलेले आरसे’! नवा माणूस दारातूनच परत जाईल हो. मी विम्याच्या माहितीपत्रकावर अपघाताचे फोटो छापले तर चालेल का?”

“छापायलाच पाहिजेत,” मी म्हणाले.

“कवळीबाई, तुमची पाळी येईल.”

“आली समजा.” मी उठले. राग आला की माझा आवाज बारीक आणि स्पष्ट होतो, घरी सगळे त्याला टरकून असतात. “साठ माणसं बघतात, बरोबर. पण ती साठ माणसं हात ओले करून बघतात. ज्याची काच आत्ता बिघडलीय तो तिथे येतो. तुमच्या अकरा हजारांतला एक तरी कधी मंडळाच्या दारापर्यंत आलाय? मी एक नोंद वाचते. नोंद एकोणीस.”

अध्यक्षांचा चेहरा उतरला. एकोणिसावी त्यांचीच.

“‘मी जाड पावडरीचं काम संपवून बारीक पावडर सुरू केली,’” मी वाचू लागले. “‘बादली बदलली, टेबल धुतलं, हात धुतले. स्वेटर बदलला नाही. जाड पावडरीचा एक कण बाहीच्या लोकरीत अडकला होता तो काचेवर पडला. तीन ओरखडे. चार महिन्यांचं काम गेलं. स्वेटर बायकोने विणला होता, म्हणून आधी तिच्यावर ओरडलो. तेही चुकलं.’ अध्यक्ष, ही नोंद वाचून किती जण स्वेटर काढून बसतात, माहितीय? सगळे! आज या खोलीत स्वेटर घालून घासणारा एक माणूस दाखवा. हे तुमचं काम आहे. तुमच्या बासरीपेक्षा हे मोठं काम आहे, आणि तेच तुम्ही पुसायला निघालात!”

शिंपी टाळ्या वाजवायला लागला. पोस्टमन म्हणाला, “माझ्या सासूबाईंनासुद्धा ती सातवी नोंद आवडते. त्यांनी ती बहिणीला पाठवली.” हशा पिकला. अध्यक्षही हसले, त्यांना हसावंच लागलं. हात वर झाले. वेबसाइट ठेवा म्हणणारे नऊ, बंद करा म्हणणारे पाच. एकाला ठरावच कळला नव्हता, त्याने दोन्ही वेळा हात वर केला म्हणून त्याला धरलं नाही.

मी जिंकले. खोटं कशाला बोलू, मला अंगभर गुदगुल्या झाल्या. चहा आला, लोक येऊन म्हणाले, कवळीबाई, कमाल केलीत. मी म्हणत होते, कमाल मास्तरांची, आपण फक्त सांभाळतो. किती छान विनम्रपणे म्हणत होते!

तेव्हा बेकरीवाली पुढे आली. ट्रे टेबलावर ठेवून तिने पंचा उघडला. आत आरसा होता.

“ताई, नोंद बेचाळीस माझी लिहायचीय,” ती म्हणाली. “पण काय लिहू तेच कळत नाही. काय चुकलं ते सापडत नाहीये.”

सगळे भोवती जमले. तपासणीचा दिवा लावला, आरसा उभा केला, ब्लेडची कडा किरणांमध्ये सरकवली. अशी तपासणी केली की आरशाचे चढउतार डोळ्यांना दिसतात. मी वाकून बघितलं. आरशाच्या मधोमध खड्डा. अंगठा दाबल्यासारखा खोल. नीट करायचा तर पुन्हा बारीक पावडरीपासून सुरुवात, म्हणजे दोन महिने मागे.

“मधेच एवढी का घासलीस?” मी विचारलं.

“उंचवटा दिसत होता, ताई. पॉलिश केलं की तपासायचे, रोज मधे उंचवटा दिसायचा. मग तेवढाच भाग घासायचे. अठरा दिवस घासला. मग एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी सहज तपासला तर हा खड्डा. आदल्या दिवशी तर उंचवटा होता. रात्रीत कुणी खोदला?”

“तपासतेस कुठे?”

“बेकरीच्या मागच्या खोलीत. भट्टीला लागून आहे ती.”

“घासल्यावर किती वेळाने?”

“लगेच. पीठ फुगलेलं असतं ना, वेळ कुठे असतो?”

मला पुढे काही विचारायची गरज उरली नाही. घासताना काच गरम होते. हाताने, पॉलिशने, आजूबाजूच्या हवेने. गरम काच फुगते, सगळीकडे सारखी फुगत नाही. मग मधे जो उंचवटा दिसतो तो खरा नसतोच, काच निवली की जातो. तो उंचवटा जो घासून काढायला जातो, तो नीट असलेल्या जागी खड्डा करतो.

“मी आधी ग्रुपवर विचारलं होतं,” ती सांगत होती. “फोटोपण टाकला होता. दोनशे चौदा बदाम आले. अध्यक्षकाका म्हणाले, जिद्द सोडू नकोस.”

“मी प्रोत्साहन दिलं होतं,” अध्यक्ष पुटपुटले.

“मग वेबसाइट बघितली. एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी वाचल्या, दोनदा. त्यात हे कुठेच नव्हतं. म्हटलं, एवढ्या वर्षांत कुणाचंच असं झालं नाही म्हणजे उंचवटा खराच असणार. म्हणून घासत राहिले.”

तेवढ्यात अध्यक्ष मदतीला धावले. खरोखर चांगल्या मनाने धावले, त्यात टोमणा नव्हता. “अगं, काचच सदोष असेल! आपल्या मंडळाचा तो मोठा आरसा नव्हता का? पंधरा जणांनी पाळीपाळीने घासला होता, सव्वा वर्ष. तोपण शेवटी असाच गेला. मधे खड्डा. काच सदोष निघाली. तुम्हीच तर शोधून काढलं होतं ना, कवळीबाई?”

शोधून काढलं होतं! शेवटचं पॉलिश माझ्याकडे होतं. आमच्या लॅबमध्ये. तिथे दात भाजायची छोटी भट्टी दिवसभर चालू असते, आणि मी त्याच टेबलावर घासून त्याच टेबलावर लगेच तपासत होते. कारण मला घाई होती. कारण मास्तरांना दाखवायचं होतं की सगळ्यांचं काम मी पुरं केलं. खड्डा पडल्यावर चौथ्या दिवशी मला कारण कळलं होतं. आणि पाचव्या दिवशी मी या खोलीत, या टेबलाशी उभं राहून सांगितलं होतं की काच सदोष आहे. काच विकणाऱ्याला एक कडक पत्रही लिहिलं होतं. त्या माणसाने बिचाऱ्याने माफी मागितली होती. एकेचाळीस जणांच्या चुका मी माझ्या हाताने टाइप केल्या, त्यांची शुद्धलेखनं सुधारली, आणि माझ्या एका चुकीला त्या पानावर जागा नव्हती. अध्यक्षांच्या पेजला मी वर्षभर ढोंगी म्हणत होते. ते निदान उघडउघड फक्त चांगलंच दाखवत होते. मी वाईट दाखवायचं पान चालवत होते आणि स्वतःपुरतं तेच करत होते.

“काच सदोष असेल” म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. शब्द ओठांपर्यंत आलेही होते, सवयीचे होते ना. बेकरीवाली माझ्याकडे बघत होती. तिच्या बोटांच्या पेरांना लाल पॉलिश लागलेलं होतं आणि नखांत पीठ.

“काच चांगली आहे,” मी म्हणाले. “तू गरम काच तपासलीस. उंचवटा खोटा होता.”

“मग हे वेबसाइटवर का नाही?”

“कारण ते माझं आहे.” आवाज आता बारीकही नव्हता आणि स्पष्टही नव्हता. “मोठा आरसा मी घालवला. असाच. काच चांगली होती.”

पोस्टमनने चहाचा कप इतक्या जपून खाली ठेवला की त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. खोलीतल्या दहा जणांनी तो आरसा घासलेला होता. शिंपी म्हणाला, “मी तीन रविवार बहिणीकडे गेलो नव्हतो त्या आरशापायी.” एवढंच म्हणाला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बेकरीवालीने आरसा परत पंच्यात गुंडाळला. “म्हणजे मी दोनदा वाचलं त्यात सगळ्यांच्या चुका होत्या, फक्त तुमची नव्हती,” ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब लागल्यासारखी. ट्रे उचलून ती निघून गेली. चहा तसाच राहिला.

मी घरी वेळेवर पोचले. नवऱ्याने विचारलं, जिंकलीस का? मी हो म्हणाले आणि जेवले नाही. बसून नोंद बेचाळीस लिहिली. एका दमात तीनशे शब्द. मास्तरांचा विश्वास, माझा अहंकार, सहकाऱ्यांची सव्वा वर्षाची मेहनत, काच विकणाऱ्याची क्षमा, बेकरीवालीची क्षमा. लिहिताना दोनदा डोळे भरून आले. वाचून बघितलं तर चांगलं उतरलं होतं. वेबसाइटवर टाकलं.

अध्यक्षांनी तासाभरात त्याचा फोटो काढून पेजवर लावला. खाली लिहिलं, ‘चुका मान्य करण्याचं धैर्य’. बासरी होतीच. सोमवारी सकाळपर्यंत नऊशे बदाम झाले, मंडळाच्या इतिहासातले सर्वांत जास्त. मी दहा महिन्यांनी ग्रुप उघडला. लोकांनी मला पुष्पगुच्छ दिले होते, हात जोडले होते. ‘केवढी प्रांजळ लेखणी!’ असं कुणीतरी लिहिलं होतं, ते मी तीन वेळा वाचलं. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी बरं वाटलं.

दुपारी बेकरीवालीचा निरोप आला. नमस्कार नाही, बदाम नाही.

“वाचली नोंद. तपासायच्या आधी किती तास थांबायचं, ते लिहिलं नाहीत.”

मी पान उघडून वरपासून खालपर्यंत बघितलं. खरंच नव्हतं. अश्रू होते, मास्तर होते, तास नव्हते. तीनशे शब्दांत मी पुन्हा फक्त माझाच फोटो टाकला होता.

सगळं पुसलं. मग लिहिलं: ‘मंडळाचा मोठा आरसा मी बिघडवला. भट्टीजवळ घासला आणि लगेच तपासला. घासल्यावर काच थंड खोलीत ठेवा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी, हात न लावता तपासा. तोवर जो उंचवटा दिसेल त्याला हात लावू नका.’

तिला कळवलं. तिने वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. पीठ फुगलं असावं.